मागता न येणाऱ्याचे देणे

कुंभकोणमच्या परिसरात, कोल्लिडम नदीच्या अंगाला, अन्नगुडी नावाच्या ठिकाणी फेब्रुवारी 1782 मध्ये एक लढाई झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल ब्रेथवेटची तुकडी तिथे तळ देऊन होती. तिच्यात युरोपीय सैनिक शंभराच्या आसपास होते आणि देशी शिपाई पंधराशेच्या आसपास. टिपू सुलतान हजारोंची फौज आणि लालीच्या हाताखालची फ्रेंच पलटण घेऊन आला आणि त्याने या तुकडीला चहूबाजूंनी वेढले. चौकोनी व्यूह करून शिपाई तीन दिवस झुंजले आणि 18 फेब्रुवारीला तुकडी संपली. जे उरले ते कैद झाले. ब्रेथवेटचे नाव इतिहासात राहिले. त्या पंधराशे शिपायांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत. मुलूख होता तंजावरच्या मराठी राजाचा, तुळजाजी भोसल्यांचा. 1776 मध्ये कंपनीने त्यांना गादी परत दिली, पण राज्यात ठेवलेल्या कंपनीच्या पलटणींचा खर्च म्हणून वर्षाला चार लाख पॅगोडा त्यांच्यावर बसवले. म्हणजे कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातशेतीतून शिपायांच्या पोटाची सोय व्हायची होती. हैदर अलीच्या स्वारीने तीच शेती उजाड केली, मद्रासची तिजोरीही रिकामी झाली आणि पगार तुंबले. 1784 मध्ये अर्णी येथे मद्रासच्या घोडदळाने थकलेल्या पगारावरून बंड केले. कंपनीने बंड मोडले आणि त्या पलटणी बरखास्त केल्या.

या लढाईपासून सुरुवात करण्याचे कारण असे की, सैनिकाच्या मोबदल्याचा आजचा सगळा वाद तिच्यात आधीच मांडलेला आहे. जीव कोणाचा जातो, पैसा कोणाच्या खिशातून येतो, तो वेळेवर मिळाला नाही तर मागायचा कोणाकडे आणि मागितला तर काय होते, हे चारही प्रश्न त्यात आहेत. आपल्याकडे सैनिकाच्या सन्मानावर बोलणे सोपे झाले आहे. 26 जानेवारीला, 15 ऑगस्टला, एखादी शवपेटी गावात आली की आपण मनापासून बोलतो, आणि ते खोटे नसते. पगाराचा, पेन्शनचा, अपंगत्वाच्या दाव्याचा विषय निघाला की मात्र तो अर्थखात्याचा, कोर्टाचा, फार तर माजी सैनिकांच्या संघटनांचा होतो. माझे म्हणणे असे आहे की हे दोन विषय वेगळे नाहीत. सैनिक इतरांसारखा स्वतःसाठी मागू शकत नाही. तशी मुभा आपणच कायद्याने काढून घेतली आहे. म्हणून त्याचे देणे न मागता, वेळेवर आणि ठरलेल्या नियमाने त्याच्या हाती पडणे हाच त्याच्या सन्मानाचा पहिला आणि सर्वांत खात्रीचा भाग आहे.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना कळत होती. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ आहेत आणि तमिळ मुलखात तसेच नडुकल आहेत. गाई सोडवताना, गाव राखताना पडलेल्या माणसासाठी उभा केलेला दगड, हे त्यांचे रूप आपल्याला माहीत असते. त्या दगडाबरोबर आणखी काय दिले जाई, हे मात्र आपण विसरतो. तमिळ शिलालेखांत ‘उदिरप्पट्टि’ नावाच्या जमिनीचे उल्लेख येतात आणि कर्नाटकात ‘नेत्तरुगोडगे’चे. सांडलेल्या रक्ताबद्दल मेलेल्याच्या कुटुंबाला लावून दिलेली ही जमीन. दगड गावाच्या डोळ्यांसमोर राही आणि जमीन घरच्यांच्या पोटाला आधार देई. दोन्ही मिळून एकच कृती होती. कौटिल्यानेही राजसेवेत मेलेल्याच्या बायकामुलांना त्याचा पगार चालू ठेवावा असे सांगितले आहे. तिरुक्कुरळमध्ये सैन्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि सैन्याला दुबळे करणाऱ्या गोष्टींत तिथे दारिद्र्यही मोजले आहे. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले 1673 च्या सुमाराचे पत्र मराठी वाचकाला चांगले परिचयाचे आहे. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका, हा त्याचा अर्थ आपण नेहमी सांगतो. पण त्या पत्राचा मोठा भाग दाणा-वैरणीच्या हिशोबाचा आहे. पावसाळाभर पुरेल असा साठा आत्ताच बेतून खर्च करा, नाहीतर लोक उपाशी पडतील, घोडी मरतील आणि मग सैनिक कुणब्याच्या घरात शिरतील, असा त्यातला इशारा आहे. सैनिकाची नीती आणि त्याचे पोट यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडला असेल.

सन्मान आणि पोट हे दोन धागे एकमेकांपासून तुटले की काय होते, याची दोन टोके तमिळ मुलखातच एकमेकांपासून आठ-नऊ वर्षांच्या अंतराने दिसतात. 1799 च्या तहाने तंजावरच्या सरफोजीराजांचे राज्य कंपनीकडे गेले. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. दोन पिढ्यांपूर्वी लढणारी फौज असलेले हे घराणे आता दुसऱ्याच्या बंदुकांच्या छायेत राहत होते. सरफोजी मोठे विद्याप्रेमी होते आणि सरस्वती महाल ग्रंथालयाच्या रूपाने त्यांचे उपकार आजही आपल्यावर आहेत. याच राजांनी 1814-15 मध्ये पट्टुकोट्टैजवळच्या किनाऱ्यावर ‘मनोरा’ नावाचा आठ मजली बुरूज उभारला. निमित्त होते नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाचे. त्यावरच्या लेखांत मराठीही आहे. हा बुरूज पाहण्यासारखा आहे आणि तो पाहून वाईटही वाटते. सन्मानाला दगड मिळाला, पण तो कोणाचा सन्मान आहे याचे उत्तर त्या भूमीवर लढून पडलेल्या शिपायांकडे जात नाही. दुसरे टोक वेल्लोरचे. 10 जुलै 1806 रोजी तिथल्या किल्ल्यातल्या शिपायांनी उठाव केला. चामडी तुरा लावलेली नवी टोपीवजा पगडी, कपाळावरचे गंध पुसण्याचा आणि दाढी काढण्याचा हुकूम ही त्याची ताबडतोबीची कारणे होती. त्या दिवशी गोरे सैनिक मोठ्या संख्येने मारले गेले आणि नंतर शिपाई त्याहून अधिक संख्येने. पुढे हुकूम मागे घेतला गेला, गव्हर्नर बेंटिंक आणि सरसेनापती क्रॅडॉक यांना परत बोलावले गेले. पगार असूनही माणसाचा अपमान सोसवत नाही, हे वेल्लोरने सांगितले. मान असूनही उपाशी राहता येत नाही, हे अर्णीने आधीच सांगितले होते.

आजच्या सैनिकाची स्थिती त्या शिपायांपेक्षा फार वेगळी आहे. तो स्वतंत्र देशाचा नागरिक आहे, त्याला मत आहे, कायदा आहे. पण इतर नागरिकांपासूनचा त्याचा एक फरक तसाच आहे आणि तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. राज्यघटनेच्या 33 व्या कलमाने संसदेला असा अधिकार दिला की सैन्यदलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क शिस्तीसाठी आणि कर्तव्यासाठी मर्यादित करता येतील. 1950 च्या सेना कायद्याच्या 21 व्या कलमाने हे प्रत्यक्षात आणले. जवान संघटना काढू शकत नाही, संपावर जाऊ शकत नाही, वर्तमानपत्राशी बोलू शकत नाही, मोर्चात जाऊ शकत नाही. मनात आले म्हणून नोकरीही सोडू शकत नाही. हे योग्यच आहे. हत्यारबंद लोकांनी पगारासाठी संप करावा असे कोणत्याही लोकशाहीला परवडणार नाही. पण यातून एक जबाबदारी निघते आणि तिच्याकडे आपण कानाडोळा करतो. एस.टी.चा कर्मचारी, शिक्षक, बँकेतला कारकून यांची बाजू त्यांच्या संघटना मांडतात. सरकार चुकले तर ते रस्त्यावर येतात. सैनिकाच्या बाबतीत ही चूक दाखवणारा आवाजच नाही. तेव्हा ज्याने हा आवाज काढून घेतला, त्यानेच ती उणीव भरून काढायला हवी. सातव्या वेतन आयोगात, न्यायमूर्ती ए. के. माथुर यांच्या अध्यक्षतेखाली, सैन्यदलांतला एकही सदस्य नव्हता. आधीच्या आयोगांतही ही मागणी पुन्हा पुन्हा होऊन मान्य झाली नव्हती. म्हणजे ज्याला बाहेर बोलता येत नाही त्याला आतही खुर्ची नाही.

पेन्शनचा प्रश्न यामुळेच चिघळला. नागरी नोकर साठीला निवृत्त होतो. जवान मात्र पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीनंतर, बहुतेकदा चाळिशीच्या आतबाहेर, घरी येतो. कारण सैन्याला तरुण ठेवायचे असते. मुले शाळेत असतात, आई-वडील म्हातारे होत असतात, आणि हातात असते ती बंदूक चालवण्याची, गाडी हाकण्याची किंवा रेडिओ चालवण्याची कला. 1973 मध्ये तिसऱ्या वेतन आयोगाच्या वेळी जवानाच्या पेन्शनची आधीची सोयीची रीत जाऊन ती नागरी नोकरांच्या रीतीच्या जवळ आणली गेली. त्यामुळे लवकर निवृत्त होणाऱ्याला फटका बसला. शिवाय प्रत्येक वेतन आयोगानंतर निवृत्त होणाऱ्याला नवे प्रमाण मिळे आणि आधीच निवृत्त झालेला जुन्यावरच राही. एकाच पदावर, तितकीच वर्षे काढलेले दोन हवालदार केवळ निवृत्तीचे साल वेगळे म्हणून वेगवेगळे पेन्शन घेत. जो आधी निवृत्त झाला, म्हणजे ज्याने 1965 आणि 1971 ची युद्धे पाहिली, त्याला कमी मिळे. ‘वन रँक वन पेन्शन’ ही मागणी याविरुद्ध होती. राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली, 2011 मध्ये ती न्याय्य ठरवली. तरी जून 2015 मध्ये म्हाताऱ्या माजी सैनिकांना दिल्लीत जंतर मंतरवर बसावे लागले. आयुष्यभर रांगेत उभे राहिलेले, कधी तोंडातून शब्द न काढलेले लोक तिथे पदके छातीवर लावून बसले होते. 5 सप्टेंबर 2015 रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली. तिची अंमलबजावणी 1 जुलै 2014 पासून धरली गेली आणि दर पाच वर्षांनी फेरआढावा ठरला.

पाच वर्षांची मुदत जुलै 2019 मध्ये संपली, पण फेरआढावा झाला नाही. 16 मार्च 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची योजना घटनेच्या कसोटीवर वैध ठरवली, पण 1 जुलै 2019 पासूनचा फेरआढावा करून थकबाकी तीन महिन्यांत द्या असेही सांगितले. केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय डिसेंबर 2022 मध्ये आला. पंचवीस लाखांहून अधिक पेन्शनर आणि त्यांच्या कुटुंबांना लाभ, आणि थकबाकी 23,638 कोटी रुपये. ती कोणाला आधी द्यायची हेही शेवटी न्यायालयालाच ठरवावे लागले. आधी वीरनारी, कुटुंब पेन्शनर आणि शौर्यपदक विजेते, मग सत्तरीपुढचे, मग बाकीचे. वयाची अट का घालावी लागली याचा विचार केला की मन अस्वस्थ होते. न्यायालय जाणत होते की पुढच्या हप्त्यापर्यंत सगळेच राहणार नाहीत. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात आणि डिसेंबर 1982 मध्ये नाकरा खटल्यात सांगितलेले आहे. नाकरा खटल्यात तर सैन्यदलांचे पेन्शनरही होते. तत्त्व चाळीस वर्षांपूर्वीच मान्य झाले होते. अडले ते पैसे द्यायच्या वेळी.

तंजावरचे उदाहरण पुन्हा आठवावे असे इथे आहे. 1855 मध्ये तंजावरचे राजे शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारले, कंपनीने राज्यच नव्हे तर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की हे राजसत्तेचे कृत्य आहे आणि त्यात न्यायालय हात घालू शकत नाही. पुढे 1862 मध्ये मालमत्ता परत मिळाली, ती सरकारची मर्जी म्हणून. हक्क म्हणून मिळणारे आणि मर्जी म्हणून मिळणारे यांतला फरक रकमेत नसतो. उद्या ते थांबले तर बोलण्याची जागा असते की नाही, यात असतो. जवानाच्या बाबतीत ही जागा कागदावर आहे. 2009 पासून सशस्त्र दल न्यायाधिकरणे आहेत, एक खंडपीठ चेन्नईत आणि एक मुंबईत. पण कुंभकोणमच्या पेन्शनरला चेन्नई आणि कोल्हापूरच्या पेन्शनरला मुंबई ही काठी टेकत गाठायची ठिकाणे नाहीत. आता तर पेन्शनचा सगळा कारभार ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेत गेला आहे. व्यवस्था चांगली असेलही, पण ठसा उमटत नाही म्हणून ज्या म्हाताऱ्याचा हयातीचा दाखला अडतो, त्याला प्रत्येक वेळी आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते.

आकड्यांत थोडे शिरायला हवे, कारण न्याय-अन्याय तिथेच दिसतो. सातव्या आयोगानुसार शिपायाचे सुरुवातीचे मूळ वेतन 21,700 रुपये आहे आणि त्यावर ‘मिलिटरी सर्व्हिस पे’ नावाची खास रक्कम मिळते. सैनिकी जीवनातल्या कष्टांचा, घरापासून दूर राहण्याचा मोबदला म्हणून ती आहे. जवान आणि कनिष्ठ आयुक्त अधिकारी (जेसीओ) यांना ती महिना 5,200 रुपये आहे आणि अधिकाऱ्यांना 15,500. पगार पदानुसार वेगळा असावा, हे मान्य. जबाबदारी वेगळी, शिक्षण वेगळे. पण ही रक्कम जबाबदारीची नसून हालअपेष्टांची आहे आणि बर्फातला वारा पद विचारून अंगाला लागत नाही. सियाचिनच्या भत्त्याचेही तसेच. 2017 मध्ये तो वाढवून अधिकाऱ्यांना 42,500 आणि जवानांना 30,000 केला गेला. वाढ स्वागतार्ह होती आणि आयोगाने सुचवलेल्यापेक्षा ती जास्त होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही एकाच चौकीत, एकाच तंबूत राहणाऱ्या दोघांच्या कष्टाची किंमत वेगळी का, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

याहून दुखरी जागा अपंगत्वाची. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून निरोगी ठरवलेला मुलगा पंधरा वर्षांनी रक्तदाब, मनोविकार किंवा मणक्याचे दुखणे घेऊन बाहेर पडतो. कागदावर शेरा येतो की हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे आणि शंकेचा फायदा सैनिकाला द्यावा. त्यानंतरही सरकार अशा निकालांविरुद्ध अपिले करत राहिले. संरक्षण मंत्रालयाने 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच ही खटलेबाजी कमी करण्याचा सल्ला दिला होता. विधवांच्या नियमांतही असेच बारीक काटे आहेत. लढाईत पडलेल्याच्या पत्नीला शेवटच्या पगाराइतके पेन्शन मिळते, कर्तव्यावरच्या अपघातात गेला तर साठ टक्के, एरवी तीस. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता तर 2017 पर्यंत विधवेने पुनर्विवाह केला की बंद होई. दिराशी लग्न केले तरच चालू राही. नोव्हेंबर 2017 मध्ये ही अट काढली गेली. इतकी वर्षे ती कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही. वीरपत्नीचा सत्कार करणारे आपण तिला कोणाशी लग्न करायचे तेही सांगत होतो.

सैनिकाच्या मोबदल्याने काय घडू शकते, हे महाराष्ट्राइतके कोणाला माहीत असावे? इंग्रजी अमदानीत सैन्यात सैनिकांच्या मुलांना शिक्षण मिळे. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर महिना पन्नास रुपये पेन्शन घेत. त्या घरात भीमराव आंबेडकर वाढले. नेमक्या त्याच काळात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळ बाबा वलंगकरांनी निवृत्त सैनिकांच्या वतीने 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. त्या अर्जाचा मुद्दा लढण्याच्या हौसेचा नव्हता. पगार, पेन्शन, शाळा आणि अंगावरचा गणवेश यांनी एका समाजाला गावकीबाहेर ताठ उभे राहण्याची जागा दिली होती आणि ती काढून घेतली जात होती. पुढे 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावली, तिथला स्मृतिस्तंभ सगळ्यांना माहीत आहे. 1914 चा शिपाई महिना अकरा रुपयांवर लढत होता. असे गाव पिढ्यान् पिढ्या पोरे पाठवत राहते, त्यामागे अभिमान आहे आणि कोरडवाहू शेतीही आहे. दोन्ही खरे आहे आणि एकाचा उच्चार केल्याने दुसऱ्याचा अपमान होत नाही.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे 6.81 लाख कोटी रुपये होते आणि त्यातले सुमारे 1.61 लाख कोटी पेन्शनचे, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. एवढ्यात किती विमाने, किती तोफा आल्या असत्या, असे विचारले जाते. प्रश्न गंभीर आहे आणि तो देशद्रोही म्हणून झटकून टाकू नये. पण या रकमेत संरक्षण खात्यातल्या नागरी कर्मचाऱ्यांचेही पेन्शन आहे आणि ते साठीपर्यंत नोकरी करतात. दुसरे असे की, लवकर निवृत्ती ही जवानाची सवलत नाही, ती सैन्याची गरज आहे. त्या गरजेची किंमत सैन्याच्या खर्चातच धरली पाहिजे. चाळिशीतल्या जवानाला साठीपर्यंत पोलीस, सीमा सुरक्षा, रेल्वे, वनखाते अशा ठिकाणी खात्रीने सामावून घेतले तर पेन्शनचा भार खरोखर कमी होईल. ही सूचना वेतन आयोगांनीही केली आहे आणि ती कागदावरच राहिली आहे. खर्च कमी करण्याचा प्रामाणिक रस्ता तो आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक जवळचा वाटतो. गटारात उतरून मरणारा सफाई कामगार, खाणीतला मजूर, कर्जात बुडालेला शेतकरी यांचे काय? सैनिकालाच वेगळे का? याचे उत्तर जोखमीच्या तुलनेत शोधू नये. सफाई कामगाराचा मृत्यू कमी दुःखाचा नाही आणि त्याला न्याय मिळत नाही, ही आपल्या समाजाची लाज आहे. सैनिकाचे वेगळेपण जोखमीत नसून हक्क सोडण्यात आहे. आणि हा निकष लावला की उलट सैन्याबाहेरचेही काही जण आत येतात. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामात सीआरपीएफचे 40 जवान मारले गेले. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातले दोन होते आणि एक होता अरियलूर जिल्ह्यातला, म्हणजे कुंभकोणमच्या उत्तरेला कोल्लिडम ओलांडली की लागणाऱ्या भागातला. साऱ्या देशाने त्यांना सैनिक म्हणून निरोप दिला. पण 2004 पासून भरती झालेल्या सीआरपीएफ जवानाला सरकारी वह्यांत नागरी नोकरांसारखी नवी पेन्शन योजना लागते, सैन्याला लागू असलेली जुनी नाही. त्याला संघटनेचा, संपाचा हक्क सैनिकासारखाच नाही. पेन्शन मात्र कारकुनासारखे. मरणानंतर एक ओळख आणि हिशोबात दुसरी, ही विसंगती कोणत्याही भाषणाने झाकली जात नाही.

तिसरा आक्षेप असा की गणवेशाची पूजा लोकशाहीला चांगली नसते. सैन्यावर टीका करण्याचा हक्क नागरिकाला हवा. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. सैन्याने चूक केली तर चौकशी झाली पाहिजे, खरेदीत भ्रष्टाचार झाला तर तो उघड झाला पाहिजे. आदर म्हणजे प्रश्न न विचारण्याची शपथ नव्हे. पण न्याय्य पगार हा पूजेच्या उलट टोकाचा व्यवहार आहे. पूजेत देवाला काही देणे लागत नाही. नागरिकाशी केलेल्या करारात देणे लागते. खरे तर भावनेचा पूर आणि देण्यात टाळाटाळ या दोन गोष्टी एकमेकींना पोसतात. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांचे 1945-46 मध्ये देशाने जे स्वागत केले तसे क्वचितच कोणाचे झाले असेल. त्या सेनेत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांच्यापैकी अनेकांचे वाडवडील तंजावर मुलखातून नागपट्टणमच्या बंदरातून बाहेर पडले होते. स्वातंत्र्यानंतर या सैनिकांना भारतीय सैन्यात परत घेतले नाही आणि केंद्राचे स्वातंत्र्यसैनिक पेन्शन यायला 1972 उजाडले. पंचवीस वर्षे त्यांच्यापाशी टाळ्यांची आठवण तेवढी होती.

आणि आता अग्निवीर. जून 2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आहे. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये आणि चौथ्या वर्षी 40,000. त्यातले तीस टक्के सेवा निधीत जातात, सरकार तितकीच भर घालते आणि शेवटी व्याजासह सुमारे 11.71 लाख हाती येतात. पेन्शन नाही, महागाई भत्ता नाही, मिलिटरी सर्व्हिस पे नाही. जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम केले जाईल. सैन्य तरुण राहावे हा योजनेचा हेतू समजण्यासारखा आहे आणि अनेक देशांत अल्पमुदतीची सेवा आहे. माझा आक्षेप मुदतीला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना मरण पावला. कुटुंबाला विम्याचे 48 लाख, सानुग्रह रक्कम आणि उरलेल्या काळाचा पगार असा मोठा मोबदला आहे, पण त्याच चौकीतल्या कायम जवानाच्या घरी जे कुटुंब पेन्शन दर महिन्याला येते ते इथे येत नाही. एकरकमी पैसा शेतकरी घरात कर्जात, घरबांधणीत, बहिणीच्या लग्नात किती लवकर जातो, हे विदर्भाला सांगायला नको. काम तेच आहे, थंडी तीच आहे आणि मरणही तेच आहे. मग घरच्यांचे देणे वेगळे असू नये. मुदत कमी ठेवायची तर ठेवा. पण कष्टाची खास रक्कम आणि मृत्यू-अपंगत्वाचे पेन्शन हे सेवेच्या लांबीवर नव्हे, सेवेच्या स्वरूपावर ठरवा.

2026 च्या अखेरीपासून अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची मुदत संपते. त्याच सुमारास आठव्या वेतन आयोगाचे काम चाललेले असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाला अठरा महिन्यांची मुदत आहे. आयोगात एक अध्यक्ष, एक अर्धवेळ सदस्य आणि एक सदस्य-सचिव आहेत. सैन्यदलांतले कोणी याही वेळी नाही. ती जागा आता निर्माण करता आली नाही तरी आयोगाला सुनावण्या घेता येतात, आणि त्या दिल्लीतच घ्याव्यात असे बंधन नाही. वेलिंग्टनच्या मद्रास रेजिमेंट केंद्रात, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात आयोगाने जावे. तंजावर आणि सातारा यांसारख्या जिल्ह्यांतल्या सैनिक कल्याण कार्यालयांत माजी हवालदारांना, वीरनारींना आणि परत आलेल्या अग्निवीरांना बोलावून त्यांचे म्हणणे लेखी नोंदवून घ्यावे. सेवेत असलेल्या जवानाला नाव न सांगता निवेदन देण्याची अधिकृत सोय संरक्षण मंत्रालयाने करावी. ‘मिलिटरी सर्व्हिस पे’ सर्वांना एकाच दराने द्यावी की नाही, आणि अपंगत्वाचा दावा मान्य करणाऱ्या न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध सरसकट अपील करणे थांबवावे की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे आयोगाच्या अहवालात कारणांसह यायला हवीत.